तहान कोणती, इच्छा कोणती?

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांच्या विहारांत परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. हे दिवस निंदणाचे आणि डवरणाचे असतात. दिवसभर कपाशीत वाकून काम केलेल्या बाया जेवणखाण आटोपून विहारात येतात, बसतात, ऐकतात. वाचन तृष्णेच्या प्रकरणापाशी आले म्हणजे श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास निघतो. कोणी तो मनातल्या मनात ठेवतो, एखादी धीट आई मात्र तोंडावर विचारते, “दादा, इच्छा सोडा म्हणता. मंग पोरगी शिकली पाहिजे असं मले वाटते, तेही सोडू काय?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. धम्मातील एक अत्यंत महत्त्वाचा नैतिक प्रश्न त्यात आहे. गरिबाने इच्छा करणे हा दोष आहे काय? तो दोष असेल, तर ‘नशिबी आले तेवढ्यात समाधान मान’ असे सांगणाऱ्या जुन्या शिकवणुकीत आणि आपण स्वीकारलेल्या धम्मात फरक तो काय राहिला? मग 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आपल्या आईबापांनी, आजोबांनी जे टाकून दिले, तेच दुसऱ्या दाराने घरात आले असे म्हणावे लागेल. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर नीट शोधले पाहिजे. आणि ते शोधताना आधी शब्दांकडे पाहावे लागते, कारण घोटाळ्याचे मूळ पुष्कळसे शब्दांतच आहे.

बाबासाहेबांनी हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली मुंबईत प्रसिद्ध झाला. हिंदी अनुवाद भदन्त आनंद कौसल्यायन यांनी केला आणि मराठी अनुवाद घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस व शां. शं. रेगे यांनी केला. म्हणजे भगवंतांचा विचार पालीतून इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून मराठीत आपल्या विहारापर्यंत आला. एवढ्या प्रवासात शब्दाचा अर्थ कमीजास्त होणारच. दाणे एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात ओतताना थोडे सांडतात, थोडा कचराही मिसळतो. त्यात ओतणाऱ्याची लबाडी असतेच असे नाही.

इंग्रजीतील ‘डिझायर’ हा शब्द फार ऐसपैस आहे. भाकरीची आस, मुलाच्या शाळेची आस, शेजाऱ्याच्या वावरावर ठेवलेला डोळा आणि परस्त्रीविषयीची वासना, या सर्वांना तो एकच शब्द पुरतो. पालीत मात्र यासाठी निरनिराळे शब्द आहेत. तण्हा आहे, लोभ आहे, राग आहे, काम आहे आणि छंदही आहे. बौद्ध ग्रंथ प्रथम युरोपीय भाषांत नेणाऱ्यांपैकी काहींनी तण्हेसाठीही ‘डिझायर’ हाच शब्द वापरला. त्यातून बुद्ध सर्व इच्छा मारावयास सांगतो असा समज पसरला. ‘डिझायर’ची मराठी ‘इच्छा’ झाली, आणि तो समज आपल्या ओसरीवर येऊन बसला.

आता तण्हा हा मूळ शब्द घ्या. तो आपल्याला परका नाही. संस्कृतात तृष्णा, पालीत तण्हा आणि आपल्या मराठीत तहान, ही एकाच कुळातील भावंडे आहेत. ‘इच्छा सोडा’ असे न म्हणता ‘न भागणारी तहान सोडा’ असे म्हटले असते, तर त्या आईला कदाचित प्रश्नच पडला नसता. शरीराची तहान तांब्याभर पाण्याने भागते. तण्हा म्हणजे मनाची अशी तहान की जी जितके मिळेल तितकी वाढते. शरीराच्या तहानेला सीमा असते, तण्हेला नसते, आणि ही सीमा हेच दोहोंमधील अंतर आहे.

छंद या शब्दाचे त्याहून निराळे आहे. आज मराठीत छंद म्हटले की रिकाम्या वेळेचा उद्योग किंवा नाद असा अर्थ होतो. पालीत छंद म्हणजे काही करण्याची मनापासूनची इच्छा. ती वाईट गोष्टीचीही असू शकते, चांगल्या गोष्टीचीही असू शकते. अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाचे वर्णन सुत्तांत येते, तेथे साधक कुशल गोष्टी घडाव्यात म्हणून आधी छंद उत्पन्न करतो आणि मग प्रयत्नाला लागतो असा क्रम सांगितला आहे. म्हणजे इच्छा ही अष्टांगिक मार्गाच्या आतच आहे! इच्छेवाचून प्रयत्न नाही आणि प्रयत्नावाचून मार्ग नाही. मुलगी शिकावी ही आईची इच्छा कुशल छंदात बसते. ती सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उलट ती वाढवावयास पाहिजे.

बाबासाहेबांना हा धोका पुरता ठाऊक होता. तृष्णात्यागाच्या प्रकरणात संतोष हे श्रेष्ठ धन आहे या बुद्धवचनाचा खुलासा करताना त्यांनी स्पष्ट सांगितले आहे की, संतोष म्हणजे दीनवाणेपणा नव्हे, परिस्थितीपुढे शरणागती नव्हे. दुःखी माणसाने आपली स्थिती बदलू नये असे बुद्धाने म्हटलेले नाही. ज्याला मर्यादा नाही अशा लोभाच्या आहारी जाऊ नये, एवढाच त्या वचनाचा अर्थ आहे. निर्वाणाविषयीही त्यांचे विवेचन असेच आहे. सदाचाराच्या मार्गावर चालता यावे इतका विकारांवर ताबा, असा अर्थ ते देतात. विकारांवर ताबा मिळवणे वेगळे आणि भावना मारून दगड होणे वेगळे.

या दृष्टीने महाडची आठवण करा. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. ती तहान तण्हा होती काय? मुळीच नव्हती. त्यांना कोणाच्या ओंजळीतले पाणी हिसकावून घ्यावयाचे नव्हते. तळे सर्वांचे आहे आणि आम्हीही माणसे आहोत, एवढेच सिद्ध करावयाचे होते. ज्यांनी गुराढोरांना पाणी पिऊ दिले पण माणसांना अडवले, तण्हा त्यांच्या मनात होती. मोठेपणा टिकवण्याची, आपल्या पायाखाली कोणीतरी असले पाहिजे याची ती तहान होती. तिला ना पाण्याने शांती मिळते, ना मानाने.

शब्दांचा हा घोळ एका तण्हेपुरता नाही. वाचन करणाऱ्या तरुणांनी आणखी काही शब्द ध्यानात ठेवावेत. ‘राग, द्वेष, मोह’ असे वाचले की आपल्या घरात राग म्हणजे संताप समजला जातो. पालीतील राग म्हणजे आसक्ती. तेव्हा ‘राग सोडा’ याचा अर्थ अन्याय झाला तरी गप्प बसा असा काढणे ही शब्दाची चूक आहे. द्वेष मात्र सोडावयाचा आहे. अन्यायाची चीड आणि माणसाचा द्वेष यांत फरक असतो. चीड अन्याय थांबावा असे म्हणते, द्वेष समोरच्याचे वाटोळे व्हावे असे म्हणतो. पण चिडीचा द्वेष होण्यास वेळ लागत नाही, म्हणून तेथे मनावर पहारा ठेवावा लागतो.

‘वेदना’ म्हटले की आपण कळ, दुखणे असे समजतो. पालीत सुखद अनुभवही वेदनाच असतो आणि सुखदुःखावेगळा अनुभवही वेदनाच असतो. इंग्रजी ‘फीलिंग’ साठी आपण ‘भावना’ म्हणतो, परंतु पालीत भावना म्हणजे मनाची मशागत. मैत्री भावना म्हणजे मैत्रीविषयी मनात दाटून येणे एवढेच नव्हे. जमीन नांगरून, वखरून तयार करावी तसे मन मैत्रीसाठी रोज तयार करणे होय. शेतकऱ्याच्या घरात हा अर्थ समजावून सांगणे काय अवघड आहे?

सर्वांत घातक घोटाळा ‘उपेक्षा’ या शब्दाचा होतो. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. आपला समाज शतकानुशतके उपेक्षित राहिला. त्याच समाजाला ‘उपेक्षा हा सद्गुण आहे’ असे वाचून दाखवले तर त्याने काय समजावे? पारमितांचे विवेचन करताना बाबासाहेबांनी उपेक्षा आणि बेफिकिरी यांत भेद केला आहे. फळ मिळो वा न मिळो, मन डळमळू न देता प्रयत्न चालू ठेवणे म्हणजे उपेक्षा. दोनदा नापास झालेला मुलगा तिसऱ्यांदा अभ्यासाला बसतो, त्याच्यापाशी ही उपेक्षा असते. ‘काय व्हायचे ते होवो’ म्हणून पुस्तक फेकणाऱ्यापाशी ती नसते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, ठीक झाले, आमच्या इच्छा निर्दोष ठरल्या. बंधू-भगिनींनो, इतक्या लवकर सुटका नाही. शब्दाची जी चलाखी गरिबाला गप्प बसवण्यासाठी वापरता येते, तीच आपल्याला स्वतःला फसवण्यासाठीही वापरता येते. तहानेला ‘गरज’ असे नाव दिले की मन निर्धास्त होते. बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. हा भेद इतर व्यवहारांतही उपयोगी पडतो, परंतु तो प्रामाणिकपणे केला तरच.

मुलीचे लग्न बुद्धवंदना घेऊन साधेपणाने करता येते. तरीही चार गावांत नाव व्हावे म्हणून कर्ज काढून मांडव घातला जातो, आणि विचारले तर उत्तर मिळते, ‘हौसेला मोल नाही.’ मोल असते. ते पुढची पाच वर्षे कपाशीच्या पैशांतून फेडावे लागते. कर्जाने या जिल्ह्यातील किती घरे खचली हे यवतमाळच्या माणसाला सांगावयास नको. पेरणीसाठी काढलेले कर्ज ही गरज होती. मानासाठी काढलेले कर्ज ही तहान होती. सावकाराच्या वहीत मात्र दोन्ही एकाच शाईने लिहिली जातात.

दोन भाऊ हातभर धुऱ्यासाठी भांडतात. हातभर जमिनीत किती कापूस येणार? तण्हेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून मालकी, मालकीतून राखण आणि राखणीतून काठ्या, शिव्या, भांडण अशी साखळी सुत्तांत सांगितलेली आहे. ती कोठे दूर पाहावयास नको, आपल्या धुऱ्यावरच दिसते. शहरात नोकरीला लागलेला भाऊ आपल्या बंगल्याला गरज म्हणतो आणि बहिणीच्या वाट्याला लोभ म्हणतो. येथेही शब्दच उलटे बसले आहेत.

मग इच्छा आणि तहान ओळखावी कशी? घरच्या घरी वापरता येतील अशा तीन कसोट्या सांगता येतील. पहिली, या इच्छेला सीमा आहे काय? इतके मिळाले म्हणजे पुरे, असे आज म्हणता येते काय? दुसरी, माझी इच्छा पुरी होण्यासाठी कोणाचे काही हिरावले जावे लागते काय? तिसरी, ती पुरी झाली नाही तर मी पुन्हा प्रयत्न करीन, की ज्याला मिळाले त्याचा द्वेष करीन? लेकीच्या शिक्षणाची इच्छा तिन्ही कसोट्यांस उतरते. तिच्या शिक्षणाला सीमा आहे, त्याने कोणाचे काही जात नाही, आणि एक वाट बंद झाली तर आई दुसरी शोधते. धुऱ्याचे भांडण तिन्ही ठिकाणी नापास होते.

भगवंतांनी आपले वचन संस्कृत छंदात बांधण्यास संमती दिली नाही, ते आपापल्या भाषेत शिकण्याची मोकळीक दिली, असे विनयपिटकात सांगितले आहे. बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो 1998 साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला. अनेक कामांच्या व्यापात त्यांनी एकेका शब्दासाठी एवढे कष्ट घेतले, ते उगीच नव्हेत. तेव्हा ग्रंथवाचन करणाऱ्याने अवघड शब्दावरून घाईने पुढे जाऊ नये. तेथे थांबावे, त्याचा मूळ अर्थ सांगावा आणि ऐकणाऱ्या बायामाणसांना विचारावे की, आपल्या वऱ्हाडी बोलीत याला काय म्हणतात? मिळालेले शब्द वहीत लिहून ठेवावेत. आणि घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या एका तरी इच्छेला त्या तीन कसोट्या लावून पाहाव्यात. त्या शेजाऱ्याच्या इच्छेला लावू नयेत, स्वतःच्या इच्छेलाच लावाव्यात.

भवतु सब्ब मंगलं.