नैवेद्य आणि विवेक

मूर्तीपुढे ठेवलेले अन्न ख्रिस्ती मनुष्याने खावे की खाऊ नये, हा प्रश्न इ. स. 55 च्या सुमारास ग्रीसमधील करिंथ नगरात उपस्थित झाला. प्रेषित पौलाने तेथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याचा सविस्तर विचार केला आहे. प्रश्न मुळात मांसाचा होता. देवळात बळी दिलेल्या पशूचे मांस बाजारात विक्रीस येई आणि मेजवान्यांतूनही वाढले जाई. मराठी बायबलात मात्र या ठिकाणी ‘नैवेद्य’ हा शब्द योजला आहे. त्या एका शब्दाने करिंथचा मांसबाजार मागे पडतो आणि शिरा, मोदक, पंचामृत समोर येते. दूरच्या नगरातील वाद शेजारघरच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतो.

पौलाचे उत्तर एकेरी नाही. मूर्ती ही वस्तुतः काहीच नव्हे, म्हणून अन्नाने मनुष्य देवाच्या जवळ जात नाही की दूर होत नाही, हे तो मान्य करतो. परंतु कालपरवापर्यंत मूर्तिपूजा करणाऱ्याला ते अन्न केवळ अन्न वाटत नाही. ज्ञानी बंधूला खाताना पाहून तो स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध खाईल आणि आतून मोडून पडेल. त्याच्यासाठी ज्ञानी मनुष्याने आपले स्वातंत्र्य आवरावे. देवळातील पंक्तीस बसू नये. बाजारात मिळेल ते चौकशी न करता घ्यावे. परधर्मीयाने जेवायला बोलावले तर वाढलेले खावे. मात्र ते बळीचे आहे असे कोणी सांगितलेच, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. निर्णयाचे केंद्र अशा रीतीने ताटातून उचलून जवळ बसलेल्या मनुष्यापाशी नेले जाते.

हा विचार भारतीय समाजात उतरताना एक अडचण उभी राहते. करिंथमध्ये अन्न नाकारणे म्हणजे एका उपासनेपासून अलग राहणे होते. येथे शतकानुशतके अन्न नाकारण्याचा अर्थ देणाऱ्याचा हात अशुद्ध ठरवणे असा होत आला. त्यामुळे नकार देणाऱ्याच्या मनात एकेश्वरनिष्ठा असली, तरी ऐकणाऱ्याच्या कानी विटाळाचा शब्द पडू शकतो. महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे तर ज्यांच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते अशा समाजांतून आली. अशा घरी शेजारीण आपण होऊन प्रसादाची वाटी घेऊन येते, तेव्हा त्या वाटीत देवतेच्या पूजेबरोबर एक सामाजिक अंतर तुटल्याची खूणही असते. ती परतवताना नेमके काय परतवले जाते, याचा विचार धर्मनिष्ठ मनुष्याला टाळता येत नाही.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण मांसमत्स्य वर्ज्य करण्याचा आपला आचार सोडला नाही. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी पत्रांतून आपली बाजू निःसंकोच मांडली. ख्रिस्ताचा स्वीकार म्हणजे इंग्रजी ताटाचा स्वीकार, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. पुढे 1889 साली मुंबईत त्यांनी शारदासदन काढले, तेव्हा तेथील ब्राह्मण विधवांना स्वतःचा आचार पाळण्याची मोकळीक ठेवली. स्वतःला जे बंधन उरले नव्हते, ते दुसरीच्या विवेकाला आवश्यक वाटते म्हणून जपू देणे, ही पौलाच्या शिकवणुकीची कृतीतील फोड म्हणता येईल.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून निराळे. रेव्ह. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. विरहानंतर पती-पत्नी पुन्हा एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे आणि वेगळे अन्नपाणी सांभाळले. जातिभेद हा माणसाने निर्माण केलेला आहे अशी त्यांची खात्री पटली, तेव्हा बाप्तिस्म्याआधीच त्यांनी तो सोडला. बाप्तिस्मा झाला 1900 साली. एकीने आहाराचा नियम ठेवला, दुसरीने टाकला. दोघींच्या वर्तनाला मोल आहे, कारण ते कोणाच्या दडपणाखाली झाले नाही.

नुसत्या धर्मांतराने पंक्तिभेद संपत नाही, याची साक्षही इतिहासात आहे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 साली दक्षिणेतील मंडळ्यांना जातिभेद सर्वस्वी सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा उच्च मानल्या गेलेल्या जातींतील अनेक ख्रिस्ती जनांनी चर्चपासून दूर होणे पत्करले. नैवेद्याला स्पर्श न करणारे हात प्रभुभोजनाच्या एका प्याल्यापाशी अडखळले. त्याच पत्रात पौल करिंथकरांना प्रभुभोजनावरून कठोर शब्दांत दोष देतो: धनिक आधी जेवून तृप्त होतात आणि गरीब उपाशी राहतो.

म्हणून ‘दुर्बळ कोण’ हा पौलाचा प्रश्न प्रत्येक समाजाने आपल्यापुरता विचारावा लागतो. करिंथमध्ये तो नवा, शंकित श्रद्धावंत होता. येथे तो असू शकतो, तसाच ज्याचे अन्न पूर्वी नाकारले गेले तोही असू शकतो. प्रसाद घेणे आपल्या निष्ठेशी प्रतारणा आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने तो घेऊ नये; विवेकाविरुद्ध खाल्लेला घास कोणालाही जोडत नाही. पण त्याने दारातून माघारी वळवण्याऐवजी शेजारणीला घरात बोलवावे, आपले कारण सांगावे आणि तिच्या घरचे साधे जेवण आनंदाने जेवावे. नकार पूजेला आहे, तिला नाही, हे शब्दांपेक्षा त्या जेवणाने अधिक पटेल.

नाताळात हाच प्रश्न उलट दिशेने फिरतो. मराठी ख्रिस्ती घरांतून करंज्या आणि शंकरपाळ्यांची ताटे शेजारी जातात. काही घरी ती उत्साहाने रिकामी होतात, काही घरी रुमालाखाली तशीच राहतात. ताट पोहोचवून आलेल्या मुलाला त्यातला फरक चेहऱ्यावरून कळतो. प्रसाद घ्यावा की न घ्यावा याचा निर्णय करणाऱ्याने त्या मुलाचा अनुभवही लक्षात घ्यावा.