दैव पाचवे

दसऱ्याला नांदेड-लातूरकडच्या घरांपुढे नवी मोटारसायकल उभी असते. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पूजा आटोपते आणि नुकतं लायसन्स मिळालेला मुलगा गाडी काढतो. हेल्मेट मात्र कोपरात अडकवलेलं. कुणी हटकलं, तर उत्तर तयार असतं : ‘ज्याची वेळ भरली, त्याला कोण वाचवणार?’ हे उत्तर बेफिकिरी म्हणून झटकून टाकता येईल. पण ते धर्माच्या आधारानं दिलं जातं, म्हणून तो आधार तपासून पाहिला पाहिजे. आपल्या परंपरेत हा आधार मुळात नाही, असं माझं म्हणणं आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेलं नाही, पण ते पाचवं आहे. अधिष्ठान म्हणजे शरीर, असा अर्थ शंकराचार्यांनी केला. गाडीवर बसताना पहिली काळजी घ्यायची ती डोक्याची आणि हेल्मेटच्या पट्ट्याची. करण म्हणजे डोळे, कान ही इंद्रियं. रस्त्यावर त्यांच्या जोडीला ब्रेक, टायर आणि दिवा येतात. चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाल, आणि नवशिक्याचं घोडं अडतं ते इथेच. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, पलटी खाशील’ हा सल्ला त्याला हमखास मिळतो आणि तो अर्धवट आहे. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. अशा वेळी फक्त मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवली, तर ते चाक जाम होऊन घसरतं आणि गाडी मात्र पुढे जातच राहते. गाडी सरळ ठेवून, पुढच्या ब्रेकवर दाब हळूहळू वाढवत, मागच्याच्या साथीनं थांबायला हाताला सवय लागते ती मोकळ्या मैदानात, पुन्हा पुन्हा करून. वेग ताशी ३०वरून ६०वर गेला, की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं. लोहा-अहमदपूर-चाकूरच्या रस्त्यावर रात्री पुढे उसाची ट्रॉली असते, तिला मागे दिवा नसतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणलेला असतो. अशा ठिकाणी वेग आधीच कमी केलेला असणं, हे दैवाकडे बोट दाखवण्यापूर्वी पूर्ण करायचं काम आहे.

एका चाकावर रथ चालत नाही, तसं पुरुषप्रयत्नावाचून दैव फळत नाही, असं याज्ञवल्क्यस्मृतीनं सांगितलं. त्या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वरांनी लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणात. दैव आणि प्रयत्न यांचा हा हिशेब आपल्या शेजारघरचाच आहे.

यावर आक्षेप येतो : सगळी काळजी घेणाराही ट्रकखाली जातोच ना? जातो. पाचवं कारण म्हणतात ते हेच, आणि ज्या घरावर हे ओढवलं त्या घराला ‘कुठेतरी चुकलं असेल’ असं ऐकवणं क्रूरपणा आहे. पण त्यावरून पहिली चार कारणं निरर्थक ठरत नाहीत. हेल्मेटमुळे अपघातातल्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसलं. उरलेला धोका दैवाच्या खात्यावर टाका. हेल्मेटनं टळू शकणारा हा धोका टाकता येणार नाही.

दुसरा आक्षेप नांदेडमध्ये हमखास निघतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, त्या हजूर साहिबच्या नगरीत पगडीधारी शीख हेल्मेटविना दिसतात; मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९नं त्यांना तशी मोकळीक दिली आहे. मग धर्म सुरक्षेहून मोठा ठरला नाही का? पगडी हे रोज पाळलेलं व्रत आहे. पाळणारा त्याची किंमत जाणतो आणि स्वीकारतो. केस विस्कटतात म्हणून हेल्मेट काढणाऱ्यानं त्या व्रताचा दाखला देणं त्या व्रताचाच अपमान आहे. आणि ही मोकळीक हेल्मेटपुरती आहे, वेगाला आणि ब्रेकला ती कुणालाच नाही.

सर्वांत अवघड आक्षेप तिसरा : जीव माझा, धोका माझा, इतरांना काय? पण आपल्याकडे दुचाकी एकट्याची क्वचितच असते. आईला दवाखान्यात न्यायचं असतं, लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या बहिणीला बसस्टँडवर सोडायचं असतं. मागे बसलेल्या माणसाच्या हातात ना ब्रेक असतो, ना वेग. त्याच्या बाबतीत पाचव्या कारणाच्या जागी चालक स्वतःच जाऊन बसतो. देशात २०२२ साली हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार रस्ते अपघातांत दगावले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. कायद्यानं मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं केलं आहे, तरी नव्या गाडीबरोबर घरात बहुधा एकच हेल्मेट येतं. दुसरं त्याच दिवशी, पूजेच्या आधी आणावं, आणि आईनं ते घालून पट्टा लावल्याशिवाय मुलानं गाडी सुरू करू नये.