कर्म पडद्यावर, फळ खुर्चीत

काल्याचं कीर्तन झालं, पंगती बसल्या की पोरं मला गाठतात. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या गावोगावच्या सप्ताहांत हे ठरलेलंच आहे. कीर्तनात जे विचारता येत नाही ते मंडपाच्या मागं, हात धुता धुता विचारलं जातं. यंदा प्रश्न निघाला तो एका हेराच्या सिनेमावरून. नायक देशासाठी परमुलखात शिरतो आणि प्रत्येक मोठ्या प्रसंगाआधी सिगारेट पेटवतो. पोरांच्यात आपसात जुंपली होती. एक म्हणाला, "महाराज, जीव द्यायला निघालेला माणूस हाये तो. त्यानं एक झुरका मारला तर पाप कसलं?" दुसरा त्याच्याही पुढं गेला. "राग येऊ देऊ नका महाराज, पण शेगावच्या महाराजांच्या हातात चिलीम हायेच की."

मला राग आला नाही. मी माळकरी आहे, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि सुट्टी मिळेल तसं कीर्तन केलं. असा प्रश्न विचारणारं पोरगं ऐकून घेणारं असतं, एवढं मला कळतं. उत्तर मात्र उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं.

आधी चिलमीचंच बोलू, कारण खरी अडचण तिथं आहे. आमच्या भागात कितीतरी घरांत शेगावच्या गजानन महाराजांवरच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथाचं पारायण होतं. जानकीराम सोनारानं विस्तव दिला नाही, तरी नुसती काडी धरल्यावर चिलीम पेटली, ही कथा घराघरात माहीत आहे. त्याच ग्रंथात काशीहून आलेला एक गोसावी आहे. त्यानं महाराजांना गांजा अर्पण करण्याचा नवस केलेला असतो आणि तो सांगायला तो संकोचतो. महाराज त्याचा नवस फेडून घेतात. ग्रंथ लिहिणाऱ्या दासगणू महाराजांनी हे लपवलं नाही, पण लिहून तसंच पुढंही गेले नाहीत. ते थांबतात आणि वाचणाऱ्याला बजावतात, की हे व्यसन नव्हे, कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही तसं हे होतं. संताच्या हातात जे शोभलं ते आपल्या हातात शोभेलच असं नाही, याची काळजी पोथी लिहिणाऱ्यानं स्वतःच्या अंगावर घेतली. दुसऱ्या बाजूला तुकोबा. तोंडात तंबाखूची नळी धरून संत म्हणून मिरवणाऱ्यांवर त्यांनी अभंगात कोरडे ओढलेत. तेव्हा तंबाखू आपल्याकडं नवीच होती. पोर्तुगीजांनी ती आणली. असद बेग नावाच्या सरदारानं ती विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली, म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या बादशहाला हुक्का मिळाला तो आपल्या दख्खनेतून. पुढं 1617 साली जहांगिरानं बंदी घातली. तुकोबा त्याच काळात वाढत होते. तंबाखूनं माणसाचं काय होतं यापेक्षा ती तोंडात धरून मिरवणाऱ्याचं काय होतं, याकडं त्यांची नजर गेली, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणून पोरांना मी म्हटलं, धूर दाखवला की नाही हे नंतर बघू. दाखवणाऱ्यानं पुढची जबाबदारी घेतली की नाही, ते आधी बघा.

आता हेराकडं येऊ. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात माउलींनी बहुरूप्याचा दाखला दिला आहे. बहुरूपी राजाचं सोंग घेतो, राणीचं घेतो, पण आतून तो ना राजा होतो ना राणी. लोकांसमोर मात्र सोंग चोख वठवतो. आमच्या गावात रायरंद, म्हणजे बहुरूपीच, फौजदाराचा वेष करून येतो, दंडाच्या पावत्या फाडल्याचा आव आणतो आणि पायली-अर्धा पायली धान्य घेऊन जातो, हे माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. हेर म्हणजे असाच बहुरूपी, फक्त त्याचं सोंग उघडं पडलं तर मरण आहे. बहिर्जी नाईकांनी फकिराचे, गोंधळ्याचे वेष घेतल्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. 'मुद्राराक्षस' नाटकात चाणक्याचा हेर यमाचा पट घेऊन दारोदार फिरतो आणि राक्षस नावाच्या अमात्याची मुद्रा मिळवून आणतो. कौटिल्यानं तर तापसाच्या वेषातला हेर सांगितलाय. त्यानं चारचौघांत महिना-दोन महिन्यांतून मूठभर पालाभाजी खाल्ल्याचं दाखवायचं आणि पोटभर जेवण गुपचूप करायचं. म्हणजे आपल्या परंपरेतल्या या हेरानं लोकांपुढं संयम दाखवायचा, भोग लपवायचा. आजच्या पडद्यावरचा हेर भोग दाखवत फिरतो.

आणि लपून राहणं हाच ज्याचा धर्म, तो अंधारात काडी ओढतो हे मला कधी पटलेलंच नाही. ज्वारीच्या राखणीला रात्री गेलेल्या कुणालाही विचारा. चार शेतं पलीकडं कुणी बिडी पेटवली तर ती ठिणगी इकडं दिसते.

तरी सोंगाचा भाग म्हणून सिगारेट आली तर माझी हरकत नाही, हे मी पोरांना कबूल केलं. परक्या शहरातल्या अड्ड्यावर चौघं ओढतायत, पाचवा नाही म्हणाला तर संशय येईल, तिथं हेरानं ओढावी. माउलींच्या बहुरूप्याला हे चालतं. माझा आक्षेप दुसऱ्या सिगारेटीला आहे. अड्डा नाही, संशय घेणारं कुणी नाही, नायक एकटा गच्चीवर उभा आहे, कॅमेरा खालून वर येतो, संगीत चढतं आणि धूर सुटतो. ती सिगारेट कुणासाठी आहे? ती खुर्चीत बसलेल्यासाठी आहे. तिथं हेराचं सोंग संपलेलं असतं आणि धूर अंगावरच्या दागिन्यासारखा दाखवलेला असतो.

हा दागिना फुकट घडत नाही. 1962 च्या 'डॉ. नो' मध्ये जेम्स बाँड पहिल्यांदा पडद्यावर दिसला तो ओठांत सिगारेट धरून. 1989 च्या 'लायसन्स टू किल' या बाँडपटात आपली सिगारेट दिसावी म्हणून फिलिप मॉरिस कंपनीनं 3,50,000 डॉलर मोजले होते, आणि त्याच चित्रपटाच्या शेवटी सिगारेटच्या धोक्याची सूचनाही होती. 1997 मध्ये पिअर्स ब्रॉस्ननचा बाँड सिगारेट ओढणाऱ्या पहारेकऱ्याला लोळवून ती सवय गलिच्छ असल्याचं ऐकवतो, आणि 2002 मध्ये तोच बाँड क्युबात सिगार ओढतो. सोयीनं धरलेलं आणि सोयीनं सोडलेलं असं व्रत आमच्याकडं धरत नाहीत.

पण बाँडच्या कथेत मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. इयान फ्लेमिंग, ज्यानं हा हेर निर्माण केला, तो स्वतः एकामागून एक सिगारेटी ओढणारा. 1961 च्या 'थंडरबॉल' कादंबरीत त्यानं बाँडचा वैद्यकीय अहवाल लिहिलाय. दिवसाला साठ सिगारेटी आणि दारू, म्हणून वरिष्ठ त्याला निसर्गोपचार केंद्रात धाडतात. लेखकानं तिथं खरं ते लिहिलं. 1964 च्या ऑगस्टमध्ये फ्लेमिंग हृदयविकारानं गेला, वय 56. बाँड अजून धावतोच आहे.

इथं कर्मसिद्धान्ताचा प्रश्न येतो, आणि माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यानं केलं त्यानं भोगावं, हे आपण मानतो. पडद्यावरच्या नायकाच्या बाबतीत हे मोडतं. तो ओढतो, आणि पुढच्याच मिनिटाला सात मजले चढून गच्च्यांवरून उड्या मारतो. त्याला धाप लागत नाही, खोकल्यानं रात्री झोप मोडत नाही. कर्म पडद्यावर घडतं आणि फळ खाली खुर्चीत बसलेल्याच्या पदरात पडतं. ज्या कथेत कर्माला फळच नाही ती कथा खोटी आहे, मग ती कितीही देशभक्तीची असो. श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसं लोक वागतात, म्हणून त्यानं जपून चालावं, असं जे ज्ञानेश्वरीच्या त्याच तिसऱ्या अध्यायात सांगितलंय त्याचा भार सिनेमात नायकावर पडू शकत नाही, कारण नायक हाडामांसाचा नाही. तो भार त्याला घडवणाऱ्यावर आहे.

भुसावळचा मुकेश हराणे आठवा. गुटख्यानं तोंडाचा कर्करोग झाला, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 2009 साली तो गेला, वय 24. तंबाखूविरोधी मोहिमेसाठी त्यानं आपला चेहरा आणि आवाज दिला होता. पडद्यावर धूम्रपान दाखवायलाच केंद्र सरकारनं 2005 साली बंदी केली होती. महेश भट्ट न्यायालयात गेले आणि 2009 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. मग 2 ऑक्टोबर 2012 पासून चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फीत, आणि धूर दिसेल तिथं खाली इशाऱ्याची पट्टी, असा नियम आला. त्या सुरुवातीच्या फितींत मुकेश होता. खान्देशातलं आपलं मराठी पोरगं देशभरातल्या पडद्यांवर मरत होतं आणि थिएटरात पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करून हसत होती. ते हसणं मी ऐकलंय. आत तुटलं. पण मी पोरांना दोष देत नाही. दोन मिनिटांपूर्वी ज्याचं मरण दाखवलं त्याच्यावर पुढचा अडीच तासांचा सिनेमा एका शब्दानंही विश्वास ठेवत नाही. मग पोरांनी का ठेवावा?

न्यायालयानं बंदी उठवली ते मला चुकीचं वाटत नाही. कात्रीनं लोकसंग्रह होत नाही, लोक वळणावर येत नाहीत. आणि पट्टीनंही होत नाही, कारण पट्टी कथेच्या बाहेर चिकटवलेली असते. दासगणूंनी आपला इशारा कथेच्या आत, त्याच ओवीबद्ध भाषेत लिहिला होता.

कुणी म्हणेल, बीडमध्ये सिगारेट ओढतंय कोण? खरंय, आमच्याकडं बिडी, गुटखा, मशेरी. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कितीतरी बायकांच्या गाठोड्यात मशेरीची डबी असते. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि पहाटे थळात कोयता हातात घेण्याआधी बोटानं हिरडीला लावायची, म्हणजे भूक मरते. ती कुठल्या सिनेमातून आलेली नाही, ती कष्टातून आली. त्या बायकांना उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यांची पोरं वेगळी आहेत. त्यांना पडद्यावरची सिगारेट परवडत नाही, म्हणून ती तिचा रुबाब तेवढा उचलतात आणि पाच-दहा रुपयांच्या पुडीवर लावतात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि पुडी दातानं फाडून मान मागं टाकायची ती ऐट कायम आहे.

पुडीनं तोंड पुरतं उघडेनासं झालेल्या, आमच्या गावातल्या एका तिशीतल्या माणसाबरोबर मी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो होतो. डॉक्टरांनी त्याला स्वतःचीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाची जातात. त्याचं एक गेलं, दुसरं दातापाशी अडलं. भाकरी वरणात भिजवून, मऊ करून, बिनतिखटाचं खातो. ठेचा जिभेला लागला तर डोळ्यांतून पाणी येतं. त्यानं परतीच्या एसटीत मला सांगितलं, पहिली पुडी खाल्ली ती भूक लागली म्हणून नाही, मित्रांत बारीक दिसू नये म्हणून.

तेव्हा सिनेमा करणाऱ्यांना माझं मागणं असं आहे. हेराला सिगारेट ओढताना खुशाल दाखवा, पण ती शरीरानं ओढलेली दाखवा. माउलींचा बहुरूपी राजाचं सोंग उतरवून घरी जाऊ शकतो. तंबाखूचं सोंग उतरत नाही, कारण आपण नाटक करतोय हे रक्ताला कळत नाही. दोन वर्षं परक्या गावात ओळख लपवण्यासाठी ओढणारा हेर मायदेशी येतो. आता कुणाला फसवायचं नाही, तरी पहाटे चारला त्याचा हात उशाखाली पाकीट चाचपडतो. बायको जागी होते आणि विचारते, हे कधीपासून? देशासाठी माणूस काय काय गमावतो ते या प्रसंगात येईल, आणि हा प्रसंग मी अजून एकाही हेरपटात पाहिलेला नाही.