देहाचें देणें

तारुण्य सरलें ही वार्ता मनुष्यास आरसा सहसा सांगत नाहीं. रोजच्या परिचयामुळें तोही थोडी भीड राखतो. ती वार्ता बहुधा एखादा जिना, एखादी टेकडी किंवा पेटींतला जुना कोट सांगतो. आमच्या तुमसर तालुक्यांत अंबागडाचा डोंगरी किल्ला आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या अमदानींतला हा किल्ला आम्ही लहानपणीं न थांबतां चढून जात असूं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तोच चढ पुन्हा चढण्याचा प्रसंग आला, तेव्हां अर्ध्या वाटेंत एका दगडावर बसून 'येथून देखावा फार सुंदर दिसतो' असें बरोबरच्या मुलांस सांगण्याची आमच्यावर पाळी आली. देखावा खरोखरच सुंदर होता. परंतु बसण्याचें कारण तें नव्हतें, हें मुलांना कळलें होतें व आम्हांसही.

अशा घटकेला मनांत दोन विचार उठतात. पहिला असा कीं, आपण आळशी व खादाड झालों, हा सर्वस्वी आपला अपराध आहे. दुसरा असा कीं, वय झालें. या वयांत शरीर असेंच व्हावयाचें. हे दोन्ही विचार वरवर परस्परविरुद्ध दिसतात; पण परिणाम पाहूं गेल्यास तो एकच. अपराधाच्या जाणिवेनें पेटलेला गृहस्थ पाडव्याच्या मुहूर्तावर व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी एकदम भरतो, भात सोडतो, पहांटे उठून धांवूं लागतो आणि तिसऱ्या आठवड्यांत गुडघा धरून घरीं बसतो. वयाकडे बोट दाखविणारा गृहस्थ एवढे कष्ट न घेतां पहिल्याच दिवशीं घरीं बसतो. तेव्हां विचार करण्याजोगा प्रश्न असा आहे: मध्यम वयांत सुटलेला देह हा मनुष्याचा नैतिक दोष आहे काय? आणि नसेल, तर तो पुन्हा आटोक्यांत आणण्याचें कांहीं कर्तव्य त्याच्यावर उरतें काय?

प्रथम वयाची सबब घेऊं. चाळिशी उलटली म्हणजे देहांतला अग्नि मंदावतो व म्हणून पूर्वीइतकेंच अन्न खाऊनही मेद वाढतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु २०२१ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत एक मोठें संशोधन प्रसिद्ध झालें. २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसांच्या शरीरांत दिवसाकाठीं किती ऊर्जा खर्च होते, याचें मोजमाप त्यांत होतें. देहाचा आकार व बांधा जमेस धरला, तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, व उतार लागतो तो साठीनंतर, असें त्यांत आढळून आलें. म्हणजे ज्या अग्नीवर आम्ही इतकीं वर्षें ठपका ठेवीत आलों, तो आपलें काम बिनबोभाट करीतच होता. बदल झाला होता तो आमच्या दिनक्रमांत. शाळेला पायीं जाणाऱ्या मुलाच्या दारांत आतां मोटारसायकल उभी आहे; ज्या कामांसाठीं पूर्वीं बाजारपेठ पालथी घालावी लागे, तीं आतां मोबाईलवर बसल्या जागीं होतात; आणि वापर थांबला कीं स्नायू वर्षागणिक झिजत जातात. वय हें या सर्वांचें साक्षीदार आहे, कर्तें नव्हे.

मग सारा दोष मनुष्याचाच ठरला काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 'अष्टौनिन्दितीय' नांवाचा एक अध्याय आहे. त्यांत आठ प्रकारचे देह निंदित म्हणून सांगितले असून अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विचार विस्तारानें केला आहे. स्थूलतेचीं कारणें देतांना अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप हीं तर त्यांत सांगितलीं आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीला 'बीजस्वभाव' हेंही एक कारण दिलें आहे. ज्या शास्त्रानें स्थूल देहास निंदित म्हटलें, त्यानेंच त्याचा कांहीं भाग आईबापांकडून आलेला असतो हें मान्य केलें, ही गोष्ट लठ्ठ माणसाची थट्टा करणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या बीजस्वभावाचें एक नमुनेदार उदाहरण आमच्याच प्रांतांत घडलें. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्या उंचीचें व वजनाचें प्रमाण अगदीं सारखें, म्हणजे २२.३ होतें. परंतु अंगांतील चरबी मोजली, तेव्हां युडकिन यांच्या शरीरांत ती ९.१ टक्के व याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के भरली. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत दोघांचें छायाचित्र या आंकड्यांसह छापलें गेलें. दिसण्यांत सडपातळ असलेला हिंदी मनुष्यही आंतून स्थूल असूं शकतो, हा त्याचा अर्थ. म्हणूनच २००९ सालीं येथील तज्ज्ञांनीं आपल्या लोकांसाठीं निराळी मर्यादा सुचविली: कमरेचा घेर पुरुषांनीं ९० व स्त्रियांनीं ८० सेंटिमीटरांच्या आंत राखावा. ज्या गोष्टीचा पाया जन्माच्याही पूर्वीं घातला गेला, तिच्यासाठीं पन्नाशीच्या मनुष्यास अपराधी ठरविणें हा न्याय नव्हे.

बीजाप्रमाणें व्यवस्थेचाही यांत मोठा वांटा आहे, आणि तो पाहावयास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. तुमसर हें धानाचें गांव. पावसाळ्यांत भोंवतालच्या बांध्यांतून बाया दिवसभर चिखलांत वांकून रोवणी करतात. हंगामांत बाजाराच्या आवारांत पोत्यांच्या थप्प्या लागतात, व तीं पोतीं पाठीवरून इकडून तिकडे होत असतात. याच तालुक्यांत चिखला येथें जमिनीच्या पोटांतून व डोंगरी बुजुर्ग येथें उघड्या खाणींतून मँगनीज निघतें. पोतें वाहणारा हमाल, रोवणी करणारी बाई व खाणींतला मजूर जो भात खातात, तोच भात पोत्यांचा सौदा करणारा अडत्या, हिशेब लिहिणारा दिवाणजी, बँकेतला कारकून व शाळेंतला मास्तरही खातो. पन्नाशी आली म्हणजे हमाल पाठ व गुडघे धरून वैद्याकडे जातो, आणि मास्तर पोट व रक्तांतली साखर घेऊन जातो. भात एकच, फरक पडला तो श्रमाच्या वांटणींत. एकाच्या वांट्यास झेपणार नाहीं इतका भार आला व दुसऱ्याच्या वांट्यास मुळींच आला नाहीं. हमालांची पाठ ही समाजाच्या चिंतेची बाब आहे, हें महाराष्ट्रानें १९६९ चा माथाडी कायदा करून मान्य केलें. आमच्या पोटाचा त्या पाठीशीं कांहीं संबंध आहे, हें मात्र आम्ही अद्याप मनानें मान्य केलेलें नाहीं.

येथें आम्हांस दोष व देणें यांतला भेद महत्त्वाचा वाटतो. बापानें कर्ज काढलें. मुलाचा त्यांत कांहीं अपराध नसतो. तरी त्या पैशांतून बांधलेल्या घरांत तो राहिला असेल, तर तें देणें माझें नव्हे असें म्हणणें त्यास शोभत नाहीं. मध्यम वयाच्या देहाचेंही असेंच आहे. बीज आम्ही निवडलें नाहीं, ही व्यवस्थाही आम्ही एकट्यानें उभारली नाहीं. पण बसल्या जागेचें सुख आम्ही पुरतें भोगलें आहे. तेव्हां अपराध नसला तरी देणें आहेच. आणि हें देणें कोणाचें? या वयाचा मनुष्य वृद्ध आईबाप व वाढतीं मुलें यांच्या मधोमध उभा असतो. त्याला पक्षाघात झाला तर अंथरुणाशीं रात्र जागणारी व्यक्ति दुसरीच असते, व बहुधा ती त्याची बायको किंवा मुलगी असते. आपला भार शक्य तोंवर आपण वाहावा, दुसऱ्याच्या खांद्यावर तो अकारण टाकूं नये, एवढेंच हें कर्तव्य आहे. जो प्रयत्न करूनही आजारी पडला, त्याचा भार इतरांनीं आनंदानें घ्यावा. देण्याघेण्याचा हाच न्याय आहे.

यावर कोणी म्हणेल, देह नश्वर आहे असें ज्या संतांच्या भूमींत सांगितलें गेलें, तेथें पन्नाशीला कमरेचा घेर मोजीत बसणें हा देहाचा मोहच नव्हे काय? आक्षेप योग्य आहे, व पुष्कळांच्या बाबतींत तो लागूही पडतो. विशीतला देह पुन्हा हवा असें ज्याला वाटतें, तो मोहांतच आहे. गेलेलें वय परत मिळत नसतें. परंतु मोहावांचूनही देह सांवरतां येतो, याचें उदाहरण विदर्भांतच घडलें आहे. १९३८ सालीं विनोबा भावे यांची प्रकृति अतिशय खालावली. वय त्रेचाळिसाव्या वर्षांत, आणि वजन ८८ पौंडांवर आलेलें. ते वर्ध्याजवळ धाम नदीच्या कांठीं पवनार येथें जाऊन राहिले. पूल ओलांडतांना त्यांनीं डोक्यांतल्या सर्व कामांच्या चिंतांचा मनानें त्याग केला व शेतांत खणण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशीं पांचच मिनिटें. पुढें रोज थोडी थोडी भर. कांहीं महिन्यांत वजन १२८ पौंड झालें. येथें वजन घटलें नाहीं, वाढलें. तरी आमच्या मतें ही घटना लठ्ठ माणसानें विचार करावा अशीच आहे. तराजूचा कांटा कोणत्या बाजूस झुकला यापेक्षां देह कामास लायक झाला कीं नाहीं, हाच खरा प्रश्न होता. त्याच देहानें १९५१ पासून पुढें तेरा वर्षें भूदानासाठीं देश पायीं तुडविला.

दोष व देणें हा भेद मनांत ठसला म्हणजे प्रयत्नाची रीतही बदलते. अपराधी मनुष्याला शिक्षा लौकर भोगून मोकळें व्हावयाचें असतें. म्हणून तो उपास करतो, ऊर फुटेपर्यंत धांवतो व थकून सारें सोडून देतो. देणेकऱ्याला ठाऊक असतें कीं, रक्कम मोठी आहे व ती हप्त्यांनींच फिटावयाची. वाग्भटानें बलवान माणसासही थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें व इतर ऋतूंत त्याहूनही बेतानें व्यायाम करण्यास सांगितलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा सल्ला प्रौढांनीं आठवड्यास निदान १५० मिनिटें झपाट्यानें चालण्यासारखा व्यायाम करावा व दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम करावे, असा आहे. दिवसास हे बावीस मिनिटांहून फारसे अधिक पडत नाहीं. त्यासाठीं महाग यंत्रेंही नकोत. अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं देशी खेळांचीं व व्यायामांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं होतीं. जोर-बैठका, नमस्कार व चालणें यांना चार हात जागेपलीकडे कांहीं लागत नाहीं.

पण श्रम फुकट कां घालवावे, असाही एक प्रश्न आहे. शेजारीं हमाल ओझ्याखालीं वांकला असतां आपण रिकाम्या हातांनीं रस्त्यानें फेऱ्या घालाव्या, यांत थोडी विसंगति आहे खरी. शेत नसलेल्या मनुष्यानें ती निदान घरांत तरी कमी करावी. आमच्या घरांतल्या स्त्रीचें वजन वाढलें तर तिला आळशी म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिला पहांटे एक तास बाहेर चालावयास मिळावें म्हणून स्वतः केर काढणारा, पाणी भरणारा व बाजाराची पिशवी हातांत धरून पायीं येणारा पुरुष क्वचित् दिसतो. या एका व्यवस्थेनें दोघांचें देणें एकाच वेळीं फिटूं लागतें.

अलीकडे, २०२५ सालीं, वजन उतरविणारीं इंजेक्शनें आमच्या देशांतही विकावयास आलीं. 'ही तर लबाडी झाली' असें कांहीं सज्जन म्हणतात. ज्यांच्या मतें लठ्ठपणा हें पाप आहे, त्यांना प्रायश्चित्तावांचून सुटका हा अन्याय वाटणें साहजिक आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. डॉक्टरांनीं गरज पाहून दिलेलें औषध घेण्यांत लाज कसली? मात्र वजनाबरोबर स्नायूही उतरतात, व पाय बळकट करण्याचें काम सुई करीत नाहीं. तेवढा हप्ता ज्याचा त्यालाच भरावा लागतो.

अंबागडाचा तो चढ आम्ही त्यानंतर दोनदां चढलों. दोन्ही वेळां वाटेंत बसावें लागलें, आणि पुढेंही बसावें लागेल असा रंग आहे. फक्त आतां थांबावयाचें झालें तर 'दम लागला' असें आम्ही मुलांस सरळ सांगतों. चढणें चालू आहे तोंवर तें सांगण्यांत कमीपणा कांहीं नाहीं.