नाही म्हणता येईल असं काम

काम चांगलं की वाईट, हे आमच्या शहापूर-मुरबाडकडे बहुतेक जण पगारावरून ठरवतात. माझी कसोटी हळूहळू बदलत गेली. काम किती मिळवून देतं यापेक्षा ते नाकारायची सोय आहे का, हे मी आता आधी बघतो.

हा विचार लग्नगडीपासून सुरू होतो. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने त्याच्या शेतावर राबून ते फेडायचे, अशी ही ठाणे जिल्ह्यातली वेठ आदिवासी घरांनी सोसली. मजुरी सावकार ठरवणार, वहीही त्याचीच. मग फिटणार कसं? १९७५ च्या ऑक्टोबरात अध्यादेश निघाला, १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला आणि असली कर्जं रद्द ठरली. ऐंशीच्या दशकात विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांना सोडवण्यासाठी रान उठवलं. तेव्हा वाटे, सावकाराची वही फाटली की माणूस मोकळा.

पण वही गेली तरी श्रावण-भाद्रपदातली रिकामी कणगी राहिली. त्या महिन्यांत वीटभट्टीवाल्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घरात येते. दिवाळी झाली की कातकरी कुटुंब पोराबाळांसकट भिवंडी-वसईकडे निघतं. आठवड्याला हाती पडते ती खर्ची, आणि तीही उचलीच्या हिशेबात चढते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. अंगावर बाकी निघाली, तर पुढचा हंगामही त्याच भट्टीवर. कायद्याने कर्ज पुसलं, कर्जाची गरज पुसली नाही. म्हणून १९७७ चा रोजगार हमी कायदा मला फार मोठा वाटतो. मजुरी थोडी, तीही उशिरा. पण गावाजवळ काम वेळेवर निघालं, तर उचल परत करायचं धाडस होतं.

आसनगाव-वासिंदहून पहाटेची लोकल पकडणारेही म्हणतात, आम्ही तरी कुठे मोकळे? घराचा हप्ता, गाडीचा हप्ता. खरं आहे. तरी दोन्ही एकच म्हणणं ही भट्टीवरच्या माणसाची थट्टा ठरेल. नोकरदार शिव्या देत का होईना, दुसरी नोकरी शोधतो. भट्टीवरून उठून जाणाऱ्याच्या मागे भट्टीचा मुकादम पाड्यापर्यंत येतो.

हातात पैसा आला तरी ही मोकळीक येतेच असं नाही. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला, जमिनींचे भाव चढले. शेत विकून आलेल्या पैशांत बंगला, गाडी, थाटाचं लग्न झालं, हे दिसतं. कुणी कितीला विकलं, याची चर्चा गावभर. मला विचारावंसं वाटतं ते वेगळंच: घरात वर्षाचा भात, डोक्यावर कर्ज नाही आणि हाताला दुसरं काही काम येतंय, एवढं तरी उरलं का? हे ज्याच्याकडे आहे, तो मालकाशी मान वर करून बोलतो. माझ्या लेखी श्रीमंतीची सुरुवात तिथे होते. कष्टाला कुणी हलकं समजू नये, हे बरोबरच. पण कष्टाचे गोडवे गाण्याआधी तो माणूस कुणाच्या उचलीवर राबतोय, हे विचारायला हवं.