रोज बघणाऱ्याने साक्ष द्यावी

मुंबईत शरद ऋतू पानं पिवळी करत नाही. अमेरिकेतली भाचरं ऑक्टोबरात लाल-केशरी मेपलचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात आणि इथल्या मावश्या-काकू हळहळतात, आपल्याकडे बाई असं काही नाही! आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. भाद्रपद सरता सरता मुलुंड-बोरिवलीचे डोंगर उलट वर्षातले सगळ्यांत दाट हिरवे असतात. शिवाय आपल्याकडे उन्हाळा आणि शरद यांच्यामध्ये अख्खा पावसाळा असतो. हवामान खात्याने २०२० साली ठरवलेल्या तारखांप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला. पाऊस परतला की वारा फिरतो, समुद्रावरचा गार वारा दुपारी उशिरा सुटतो, डोक्यावरचे ढग गेलेले असतात, जमीन मात्र अजून ओली असते. मग ती जीव नकोसा करणारी ऑक्टोबर हीट.

हा बदल अमुक एका दिवशी झाला असं दाखवता येत नाही. तो बघायचा तर रोज त्याच जागी, त्याच वेळेला उभं राहून एक फोटो काढावा. फोन तर प्रत्येकाच्या हातात आहे. मी गेली काही वर्षं हे करतो आहे आणि त्यातून एक गोष्ट मला पटली आहे: रोज बघणारा माणूस फार काळ नुसता बघ्या राहू शकत नाही. त्याच्यावर काहीतरी येऊन पडतं. आजचा लेख त्याबद्दल.

माझ्या वाट्याला आली आहे ती मुलुंडला सोसायटीच्या फाटकाबाहेरची सातवीण. ज्येष्ठात पहिल्या पावसाने तिच्या पानांवरची धूळ धुतली जाते आणि एका देठाभोवती गोल बसलेली ती लांबट पानं लखलखतात. श्रावणात नवी पालवी वर चढते. भाद्रपदाच्या शेवटी फांद्यांच्या टोकांना हिरवट कळ्यांचे घट्ट गेंद येतात, इतके पानांच्या रंगाचे की खालून जाणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. आश्विनात ते उमलतात. पांढरट-पोपटी फुलांचे झुबके, आणि संध्याकाळी सातनंतर पसरणारा तो जड, गोड वास. कार्तिकात खाली फुलांचा सडा पडतो आणि मग वर हिरव्या दोऱ्यांसारख्या लांब शेंगा जोडीजोडीने लोंबायला लागतात. कालचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवले तर काहीच घडलेलं नसतं. महिन्याभराचे ओळीने लावले तर झाड चालताना दिसतं.

याच झाडाबद्दल दर आश्विनात तक्रार येते. वासाने डोकं उठतं, दम लागतो, तोडून टाका. ज्यांना खरोखर त्रास होतो त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. दम्याचा माणूस रात्रभर कसा बसून काढतो ते मी घरात पाहिलं आहे. फांद्यांची छाटणी करता येते, खिडकीला लागून पुन्हा सातवीण न लावण्याचं ठरवता येतं. पण 'तोडा' हा शब्द ज्यांच्या तोंडून सहज निघतो, त्यांनी ते झाड वर्षातून तीनच आठवडे, तेही नाकानेच ओळखलेलं असतं. तिच्या सावलीत वैशाखात रिक्षा उभ्या असतात, तेव्हा तिची आठवण कुणी काढत नाही. ज्याने बारा महिने बघितलं आहे, त्याने सोसायटीच्या सभेत उठून हे सांगितलं पाहिजे. बाकीच्यांना ते ठाऊक नसतं, हा त्यांचा दोष नाही. ठाऊक असलेल्याने गप्प बसणं हा मात्र दोष आहे.

रोज बघण्याची ताकद काय असते, त्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण सालिम अली. १९३० साली हातची नोकरी गेलेली, म्हणून ते पत्नीसह अलिबागजवळ किहीमला, तिच्या माहेरच्यांच्या घरात राहायला गेले. पावसाळ्यात जवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तासन् तास, दिवसामागून दिवस तिथे बसले आणि टिपणं करत राहिले. सुगरणीचा नर एक घरटं अर्धवट विणतो, एखादी मादी येऊन ते पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि पुन्हा दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरण पक्षी आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेला, त्याच्या घरट्याचं कौतुक केलेलं. पण त्याच्या संसाराची ही रीत नीट नोंदली गेली ती त्या एका पावसाळ्यात, एका बेकार माणसाने रोज तिथे बसून राहिल्यामुळे.

रोजच्या फोटोला आणखी एक शिस्त लागते, ती म्हणजे निवड न करण्याची. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन याने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढला. २५ ऑक्टोबर १९९७ ला, आपल्या ४१व्या वाढदिवशी, तो मेंदूच्या कर्करोगाने गेला, आणि त्या दिवसाचाही फोटो आहे. बरेच फोटो अगदी साधे आहेत. मित्र, जेवणाचं टेबल, रस्ता, पुढे इस्पितळाची खोली. चांगला दिवस तेवढा ठेवायचा आणि वाईट गाळायचा, असं त्याने केलं असतं तर ती ओळ खरी राहिली नसती. आपण मात्र दहा काढतो, नऊ पुसतो आणि दहावा लोकांना दाखवतो. एखाददुसऱ्या सहलीला ते ठीक आहे. जिथे नोंद ठेवायची आहे तिथे धुरकट, कंटाळवाणा, कचऱ्याच्या ढिगासकट आलेला फोटोही ठेवला पाहिजे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी हेच शिकवते. तिथे ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, आठ वर्षांतून एकदा. भाद्रपद-आश्विनात डोंगरउतार जांभळे झाले, मधमाश्या लोटल्या, आणि माणसंही. फोटोसाठी ताटव्यात घुसणारी, फांदी ओढून चेहऱ्याजवळ आणणारी माणसं मी स्वतः पाहिली. फुलून बी धरलं की कारवी वाळून जाते; त्या उतारावरचं पुढचं सगळं त्या बियांवर अवलंबून असतं. जांभळ्या फुलांचा फोटो प्रत्येकाकडे आहे. आधीच्या सात वर्षांचा नुसत्या खरखरीत पाल्याचा, आणि नंतरच्या वाळक्या काटक्यांचा फोटो कुणाकडे आहे? ज्या वारली घरांच्या भिंती या काटक्यांच्या कुडाच्या असतात, त्यांना कारवी आठही वर्षं ठाऊक असते.

बोरिवली स्टेशनबाहेर गौरीच्या आदल्या दिवशी जंगलाकडच्या पाड्यांवरच्या बाया तेरडा, कळलावी, कुर्डूचे तुरे घेऊन बसतात. पावसाच्या सुरुवातीला त्यांच्याच पाटीत शेवळं असतात, मग टाकळा, भारंगी. एकदा तीन-चार तरुण मुलं, चांगले मोठे कॅमेरे गळ्यात, एका म्हातारीसमोर बसून तिचे फोटो काढत होती. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हिरव्या बांगड्या, मागे लाल तेरड्याचा ढीग. चित्र सुरेख होतं यात शंका नाही. तिने पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "फुलांचा काढ ना. माझा कशाला?" मुलं हसली आणि काढत राहिली. तेरड्याची एक जुडीही न घेता निघून गेली.

त्या बाईने दोन वाक्यांत सांगितलं त्याहून जास्त या विषयावर सांगता येणार नाही, पण ते सोडूनही देता येत नाही. झाडाला विचारावं लागत नाही. माणसाला विचारलं पाहिजे. सकाळी अंधेरीच्या नाक्यावर कामाची वाट बघत उभा असलेला मजूर, रस्त्याकडेला नळावर अंघोळ करणारं पोर, पावसाने घरात पाणी शिरलं म्हणून गादी उन्हात टाकणारी बाई: यांचे फोटो प्रदर्शनांत नेहमी दिसतात, आणि त्यांना विचारलं होतं का, हा प्रश्न तिथे क्वचितच निघतो. आपल्या खिडकीतून कुणी असा आपला फोटो घेतला तर आपण चौकीदाराला खाली पाठवू. "मावशी, काढू का?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? ती नाही म्हणाली तर त्या दिवशी तिच्या फुलांचा काढावा, आणि एक जुडी घरी न्यावी.

आता साक्षीबद्दल. दहा-बारा वर्षांपूर्वी उपनगरांतले पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या किडीने मरायला लागले. रस्त्यावर मंडप घालणारे ते प्रचंड वृक्ष आधी विरळ झाले, मग नुसते सांगाडे राहिले. हजारो माणसं रोज त्यांच्याखालून स्टेशनला जात होती. रोज जाणाऱ्याला कालच्यापेक्षा आज दहा पानं कमी आहेत हे कळत नाही. म्हणून ओळीने लावलेले फोटो लागतात.

घाटकोपरचं आठवून तर अजून अंगावर काटा येतो. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १२० फूट लांब-रुंद होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. पालिका ४० बाय ४० फुटांपर्यंतच परवानगी देते. त्या होर्डिंगजवळची झाडं विष घालून मारल्याची तक्रार पालिकेने त्याआधीच पोलिसांत दिली होती. म्हणजे झाडं आधी मेली, माणसं नंतर. पूर्व द्रुतगती महामार्गावरून रोज जाणाऱ्या कितीजणांनी ती वाळताना पाहिली असतील! पाहिली आणि पुढे गेले, कारण वाळणारं झाड ही आपण कुणाला कळवण्याची गोष्ट मानत नाही. ती मानली पाहिजे, असं मी कळकळीने म्हणतो.

आणि आरेचं जंगल. ४ ऑक्टोबर २०१९, नवरात्र चालू होतं. मेट्रोच्या कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्या दिवशी फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. लोक धावले, अनेकांना अटक झाली, जमावबंदी लागली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानून दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, तोड थांबवायला सांगितली. तोवर २,१४१ झाडं पडली होती. दुसऱ्या दिवशी आपण एकमेकांना आपट्याची पानं दिली.

मला लोक विचारतात, आरेच्या वेळी हजारो हरकती गेल्या होत्या, झालं काय? मेट्रो हवी होती आणि ती आज धावते आहे, हेही ते ऐकवतात. मेट्रो मलाही हवी होती. लोकलच्या दारात लटकून ज्याने आयुष्य काढलं, तो मेट्रोला नाही म्हणणार नाही. पण साक्ष देणं हे निकाल जिंकण्यापुरतं काम नसतं. तिथे जंगल नाहीच, नुसती गवताची पडीक जमीन आहे, असं त्या वादात सर्रास म्हटलं गेलं. त्याला उत्तर देता आलं ते वर्षानुवर्षं तिथे जाऊन झाडं, कोळी, साप, फुलपाखरं यांचे फोटो काढणाऱ्या, तारखेसह नोंदी ठेवणाऱ्या साध्या माणसांमुळे. त्या नोंदी नसत्या तर झाडंही गेली असती आणि ती होती हेही. शिवाय एका पत्राने करवती थांबल्या, तीन दिवस उशिरा का होईना. ते पत्र ४ ऑक्टोबरच्या शुक्रवारीच गेलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत, फार नाही, रोज एक फोटो काढून पाहा. जागा तीच, वेळ तीच. घराजवळचं एखादं झाड घ्या, किंवा मुलुंडहून दिसणारा येऊरचा डोंगर. सप्टेंबरात त्याच्या घळी मोजता येतात आणि दिवाळीच्या सुमाराला तो धुरक्यात बुडतो. २०२३ च्या ऑक्टोबरात या धुरक्यातल्या धुळीपायी पालिकेला बांधकामांसाठी नियमावली काढावी लागली होती. शेजारच्या बांधकामावर पत्रे आणि हिरवं कापड लावलं आहे की नाही, तेही तुमच्या फोटोत येईल. मुलांना सोबत घ्या. देशभरातल्या शाळकरी मुलांकडून आणि मोठ्यांकडून झाडांच्या पालवी-फुला-फळांच्या नोंदी जमवणारा 'सीझनवॉच' हा उपक्रम २०१० पासून चालू आहे, त्यात तुमच्या झाडाचीही नोंद होऊ शकते.

आणि एखाद्या सकाळी बुंध्यावर पालिकेचा कागद चिकटवलेला दिसला, तर तो नीट वाचा. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्याआधी अशी नोटीस लावून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. नोटिशीचा फोटो काढा, तारीख टिपा आणि मुदत संपण्याआधी हरकत लिहून, आपल्याजवळचे फोटो जोडून, वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात द्या. पोच घ्यायला विसरू नका. वॉर्ड असे: मुलुंडचा टी, घाटकोपरचा एन, अंधेरीचे के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य.