माझेपणाचा हिशेब

20 फेब्रुवारी 1834 रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी, येलमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने जाहीर केले, की आपण पापमुक्त झालो आहोत. पुढे कधीतरी किंवा मेल्यानंतर नव्हे, आत्ताच आणि याच देहात. त्याचे नाव जॉन हम्फ्री नॉयस. धर्माधिकाऱ्यांनी त्याचा प्रवचनाचा परवाना काढून घेतला. आपल्याकडे जीवन्मुक्ताची कल्पना जुनी आहे आणि तसा दावा करणाऱ्याकडे कोणी परवाना मागत नाही. पण माणूस जन्मतःच पापी, या सिद्धांतावर उभ्या असलेल्या न्यू इंग्लंडमध्ये हे बोलणे म्हणजे पायाखाली सुरुंग लावण्यासारखेच होते.

याच नॉयसच्या पंथातून पुढे ओनायडा ही कंपनी निघाली. चांदीचा मुलामा दिलेले चमचे, काटे आणि सुऱ्या तिने अमेरिकेतल्या घराघरांत पोचवल्या. वर चांदी आणि आत हलका धातू, म्हणजे पंथाचेही तसेच, अशी कोटी इथे आयती हाताशी येते. ती मोहक असली तरी खोटी आहे. ओनायडाची माणसे ढोंगी नव्हती. ती इतकी प्रामाणिक होती, की आपल्या सिद्धांताचा शेवटचा परिणामही त्यांनी टाळला नाही. म्हणूनच त्यांचा प्रश्न आजही जिवंत वाटतो: ‘माझे’ हा शब्द मनातून खरोखर काढून टाकता येतो का?

नॉयसची विचारसरणी सरळ रेषेत जाते. ख्रिस्ताचे पुनरागमन व्हायचे आहे असे चर्च सांगते. नॉयसच्या मते इ.स. 70 मध्ये जेरुसलेम उद्ध्वस्त झाले तेव्हाच ते होऊन गेले. तेव्हा स्वर्गाच्या राज्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, त्यात राहायला लागावे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी मालमत्ता एकत्र केली होती, असे बायबलच सांगते. आणि पुनरुत्थानानंतर लग्न नाही, असे येशूचे वचन आहे. या वचनावरून शेकर पंथीयांनी ब्रह्मचर्याचा निष्कर्ष काढला. नॉयसने नेमका उलटा काढला: लग्न नाही, म्हणजे कोणी कोणा एकाचे नाही, सगळे सगळ्यांचे. याला तो ‘संमिश्र विवाह’ म्हणे. शेतावरची मालकी आणि बायकोवरची मालकी ही त्याच्या लेखी एकाच मुळाची दोन झाडे होती. एक तोडून दुसरे ठेवणारे समाजवादी त्याला अर्धवट वाटत.

व्हरमाँटमधल्या पटनी गावात हा प्रयोग सुरू झाला आणि 1847 मध्ये व्यभिचाराच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. जामिनावर सुटताच तो निसटला. 1848 मध्ये अनुयायांसह न्यूयॉर्क राज्यात ओनायडा ओढ्याकाठी त्याने मुक्काम टाकला. ती जमीन पूर्वी ओनायडा या मूळ रहिवासी जमातीची होती. मालकी सोडायला निघालेल्या पंथाला नाव मिळाले ते ज्यांची मालकी आधीच हिरावली गेली होती त्यांचे. याची बोच त्या मंडळींना फारशी लागलेली दिसत नाही.

पुढची तीस वर्षे इथे जे चालले, ते तपशिलात पाहण्याजोगे आहे. विटांचा एक प्रचंड वाडा बांधला गेला आणि ऐन भराच्या काळात त्यात सुमारे तीनशे माणसे राहत. बायका केस आखूड कापत आणि तोकड्या झग्याखाली विजार घालत. त्या काळी रस्त्यावरची माणसे हे थांबून पाहत. कामे पाळीपाळीने बदलत. रोज संध्याकाळी सभा भरे. कोणा दोघांत खास ओढ दिसली, की त्याला ‘चिकटपणा’ म्हणत आणि सभेपुढे त्याची चिकित्सा होई. ज्याची चिकित्सा चाले त्याने गप्प बसून ऐकायचे, उत्तर द्यायचे नाही. या परस्परचिकित्सेतून नॉयस स्वतः मात्र बहुतेक सुटलेलाच असे.

पोट भरले ते सापळ्यांनी. सिवेल न्यूहाउस हा लोहार पंथात आला तेव्हा जनावरे पकडण्याच्या पोलादी सापळ्यांबद्दल त्याची आधीच ख्याती होती. सापळ्याचा जीव त्याच्या कमानीत असतो. तिला पाणी कसे द्यायचे, किती तापवायची आणि कधी विझवायची, हे न्यूहाउस कोणाला सांगत नसे. सगळे सामाईक असलेल्या घरात एका माणसाच्या डोक्यात एक खाजगी मालमत्ता शिल्लक राहिली होती. नॉयसने बरीच मनधरणी केल्यावर त्याने ते गुपित सोडले. मग यंत्रे आली, माल भराभर निघू लागला आणि हडसन्स बे कंपनीसारखे गिऱ्हाईक मिळाले. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत बीव्हरपासून अस्वलापर्यंतची जनावरे पापमुक्तांनी बनवलेल्या दातेरी लोखंडात पाय अडकून मेली. 1865 मध्ये पंथाने सापळा लावणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तकही छापले. प्रेमाच्या राज्यात प्राण्यांचा समावेश होता की नाही, या प्रश्नावर कोणाची चिकित्सा झाली नसावी. पुढे रेशमी दोरा आणि डबाबंद फळेही आली, बाहेरचे मजूर रोजावर ठेवले गेले आणि सामाईक मालमत्तेचा हा समाज बघता बघता मालक झाला.

पण ‘माझे’ची सगळ्यात कठीण परीक्षा मुलांच्या बाबतीत होती. मूल अंगावरचे दूध सुटून चालू लागले, की ते बालगृहात जाई. आईला ठरलेल्या वेळी भेट मिळे. 1851 च्या सुमाराला असे ठरले, की बाहुलीचा लळा हीसुद्धा ‘माझे मूल’ या भावनेची तालीमच आहे. मुलींनी आपापल्या बाहुल्या हातात घेतल्या, शेगडीभोवती रिंगण धरले, गाण्याच्या ठेक्यावर चालत चालत शेगडीच्या दारासमोर आल्या आणि एकेकीने आपली बाहुली आत टाकली. ही हकिकत हॅरिएट वर्डन हिने लिहून ठेवली आहे. ती लहानपणी बापाबरोबर पंथात आली होती आणि त्या रिंगणात तीही होती.

1869 पासून पंथाने आणखी एक पाऊल टाकले. कोणी कोणापासून मूल होऊ द्यायचे, हे समिती ठरवू लागली, म्हणजे आध्यात्मिक गुण पिढीगणिक वाढतील. दहा वर्षांत अठ्ठावन्न मुले झाली आणि त्यांतल्या नऊ-दहांचा बाप नॉयस होता. प्रजननशास्त्राला धर्माचा आधार दिला, की धर्मगुरूच सर्वोत्तम बीज ठरतो, हे ओघानेच आले. 1870 मध्ये हॅरिएट वर्डनला मुलगा झाला, पिअरपाँट. त्याचाही बाप नॉयसच. मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत आईच्या भेटी त्याने सांगितल्या आहेत. भेट संपताना त्याने रडून गोंधळ घातला, तर पुढची भेट बंद होईल आणि आपल्यावर चिकटपणाचा ठपका येईल, या धास्तीने आई त्याला गप्प करी. बाहुली शेगडीत टाकून झाली, पण वीस वर्षांनी ती भावना तिच्या मांडीवर येऊन बसलीच.

प्लेटोने आपल्या आदर्श नगरातल्या रक्षकांना बायका-मुले सामाईक ठरवून दिली होती, म्हणजे ‘माझे’ आणि ‘माझे नाही’ हे शब्द ते एकाच वेळी एकाच वस्तूबद्दल उच्चारतील. ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. जे सगळ्यांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही, हा त्याचा पहिला आक्षेप. आणि असा हजारांचा मुलगा होण्यापेक्षा कोणाचा तरी खराखुरा चुलतभाऊ होणे बरे, हा दुसरा. ओनायडा हा या वादाचा तीस वर्षे चाललेला दाखला आहे आणि त्यात पहिला आक्षेप सपशेल हरतो. सामाईक मुलांची आबाळ झाली नाही. ती धडधाकट होती, शिकली, त्यांतल्या काहींना पंथाने येलला धाडले. सामाईक कारखाने नफ्यात चालले. दुसरा आक्षेप मात्र टिकून राहतो. कारण तो व्यवस्थेबद्दल नाही. रात्री बालगृहात झोपलेल्या मुलाला काय वाटते, याबद्दल आहे.

आणि ‘माझे’ लपून राहिले ते सगळ्यात वर. नॉयसने वारस निवडला तो आपला मुलगा थिओडोर. येलमध्ये वैद्यक शिकून आलेला हा मुलगा अज्ञेयवादी झाला होता. ज्या पंथाचे नेतृत्व करायचे त्याच्या देवाबद्दलच तो साशंक होता. पुत्रप्रेम हाही चिकटपणाच, असे इतरांना शिकवणाऱ्याने पंथाची गादी नास्तिकतेकडे झुकलेल्या लेकाला देऊ केली. एवढ्या उघड विसंगतीवर सभेत चिकित्सा होऊ शकली नाही, यातच पंथाचे दुखणे होते. कोवळ्या मुलींना या ‘संमिश्र विवाहा’त कोणी आणायचे, हा अधिकारही नॉयसने प्रामुख्याने स्वतःकडे ठेवला होता. पावित्र्याच्या नावाखाली चाललेली ही सत्तेची मिजास होती. दुसरे काही म्हणायचे कारण नाही. बाहेर धर्मगुरू खवळले होते आणि आत तरुण पिढी कुरकुरत होती. जून 1879 मध्ये एका रात्री, खटल्याच्या भीतीने, नॉयस कॅनडात पळून गेला. ऑगस्टमध्ये त्यानेच पत्र लिहून ती विवाहपद्धत बंद करण्याचा सल्ला दिला. मग लग्नांची एकच घाई उडाली.

1 जानेवारी 1881 रोजी पंथाची भागभांडवली कंपनी झाली. वाटप ठरले असे: आत येताना कोणी जी मालमत्ता आणली होती तिच्या निम्म्या किमतीचे शेअर, शिवाय वयाच्या सोळाव्या वर्षापासून पंथात काढलेल्या प्रत्येक वर्षामागे ठरावीक शेअर. हे करता आले, कारण कोणी काय आणले याची नोंद वह्यांत होती. सोडून जाणाऱ्याला त्याचे परत द्यायचे, हा पंथाचा रिवाज. न्याय्यच म्हणायचा, पण त्याचा अर्थ असा, की संध्याकाळच्या सभेत ‘माझे’ नाहीसे होत असताना कचेरीतल्या खातेवहीत ते तीस वर्षे व्यवस्थित जपून ठेवलेले होते.

चमचे या गोष्टीत उशिरा येतात. पंथाच्या कनेक्टिकटमधल्या वॉलिंगफर्डच्या शाखेत 1877 मध्ये ते काम सुरू झाले, तेही स्वस्तातल्या, लोखंडावर कथलाची कल्हई केलेल्या चमच्यांपासून. कंपनी झाल्यावर कारखाना नायगाऱ्याला हलला. पलीकडच्या कॅनडाच्या काठावर म्हातारा नॉयस 1886 मध्ये वारेपर्यंत राहत होता. मुलाम्याचे तंत्र तोवर जुने झाले होते. जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा चमचा ठोकून घ्यायचा, घासून-धुऊन स्वच्छ करायचा, सायनाइडयुक्त द्रावणात चांदीच्या पत्र्यासमोर टांगायचा आणि वीज सोडायची. चांदी पत्र्यावरून सुटते आणि चमच्यावर बसते. किती बसवायची, हा शेवटी सचोटीचा प्रश्न. चमचा टेबलावर ठेवला की त्याची पाठ जिथे टेकते, तिथेच मुलामा आधी झिजतो. गिऱ्हाइकाला हे दुकानात दिसत नाही, दहा वर्षांनी दिसते.

1894 मध्ये पिअरपाँट नॉयस संचालक मंडळात आला. तोवर कंपनी मृतात्म्यांशी बोलणाऱ्या गटाच्या हाती होती. भागधारकांची मते गोळा करून त्याने त्यांना हटवले. सापळे आणि डबाबंद फळे हळूहळू मागे पडली आणि चमचे पुढे आले. 1902 मध्ये ‘कम्युनिटी प्लेट’ हा जाड मुलाम्याचा माल बाजारात आला. नावात कम्युनिटी होते, पण तिचा खुलासा जाहिरातींत नसे. देवाबद्दल पिअरपाँट फारसा बोलला नाही, पण अधिकाऱ्यांचे पगार त्याने मुद्दाम कमी ठेवले. मंदीत कपात वरून सुरू होई, आणि शेरिल गावात कामगारांना घरे आणि शाळा मिळाव्यात म्हणून कंपनी पैसे घाली. बापाच्या धर्मातले उचलण्याजोगे त्याने उचलले आणि उरलेल्याबद्दल तोंड मिटले. व्यक्तिशः मला या मुलाचा धर्म बापाच्या धर्मापेक्षा भरवशाचा वाटतो.

विकले मात्र त्याने नेमके ते, जे बापाने मोडायला घेतले होते. कोल्स फिलिप्स या चित्रकाराने रंगवलेल्या देखण्या तरुणी मासिकांतून नव्या संसाराची, आहेराच्या चमच्यांच्या संचाची स्वप्ने दाखवू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात कारखाना लष्करी सामान बनवत होता, चमचे मिळतच नव्हते, तरी जाहिराती चालू राहिल्या. ‘बॅक होम फॉर कीप्स’, म्हणजे आता कायमचा घरी, हे त्या मालिकेचे नाव. गणवेशातला सैनिक परत आलेला, त्याच्या मिठीत एकच मुलगी, कायमची त्याची. मुली ही चित्रे कापून वसतिगृहाच्या भिंतींवर लावत. चिकटपणाची इतकी सुबक जाहिरात दुसऱ्या कोणी केली नसेल.

1947 मध्ये कंपनीच्या माणसांनी पंथाच्या जुन्या रोजनिश्या आणि पत्रे ट्रकभर नेऊन जाळली. आजोबांचे खाजगी जीवन गिऱ्हाइकापुढे येऊ नये, हा त्यामागचा हेतू. नॉयसचा पुतण्या जॉर्ज वॉलिंगफर्ड नॉयस याने त्यांतला बराच मजकूर आधीच उतरवून ठेवला होता. तो मजकूर बचावला आणि काही रोजनिश्याही बचावल्या. आज अभ्यासक सिराक्यूज विद्यापीठात बसून जे वाचतात, ते त्यातलेच.